'रोमहर्षक भयपट' हे बरोबर की चूक?

प्रश्न असा आहे: "एका भयपटाच्या परीक्षणात 'रोमहर्षक' हे विशेषण वाचलं. हर्ष म्हणजे तर आनंद. मग भीतीने अंगावर काटा येतो त्याला 'रोमहर्षक' कसं म्हणायचं? 'थरारक' किंवा 'रोमांचक' जास्त बरोबर नाही का? आणि 'भयंकर', 'भयानक', 'भयावह' यांत फरक काय?"

'रोमहर्षक' पूर्ण बरोबर आहे. किंबहुना भयपटाला याहून नेमकं विशेषण मराठीत नाही. या शब्दाला क्रिकेटच्या शेवटच्या षटकात कोंडून ठेवलं आहे, चूक ती आहे.

प्रश्नाचा शेवटचा भाग आधी उरकतो, कारण त्यातल्या दोन शब्दांचा छळ रोज कानावर पडतो. भयंकर म्हणजे भय उत्पन्न करणारा; पाणिनीने 'मेघर्तिभयेषु कृञः' या सूत्रात तो सिद्ध केला आहे. भयावह म्हणजे भय घेऊन येणारा. भयानक थेट 'भी' धातूपासून आला. त्यातल्या 'न'चा 'ण' झाला, शेवटचा 'क' गळाला आणि मराठीत 'भयाण' उरला. त्यात ओसाडपणा मिसळलेला आहे: भयाण शांतता, भयाण माळ. हे चारही शब्द उत्तम आहेत. पण "भयंकर आवडला", "भयंकर बोअर झालं", "भयानक सुंदर छायाचित्रण" असं बोलून बोलून आपण 'भयंकर' आणि 'भयानक' या दोघांना नुसतं 'फार' करून टाकलं आहे. "भयंकर सिनेमा, पाचपैकी दोन तारे" असं वाक्य वाचून चित्रपट घाबरवतो की फसला आहे, हे कोणी सांगून दाखवावं. इतर कुठे चालवायचं तर चालवा, भयपटाच्या परीक्षणात तरी 'भयंकर' त्याच्या मूळ अर्थानेच यावा.

आता हर्ष.

'हृष्' धातूचा मुळातला अर्थ आनंद होणे नाही. लव, केस, काटे ताठ उभे राहणे हा तो अर्थ. आक्षेप घेणारे पाणिनीच्या धातुपाठातलं, म्हणजे धातूंच्या अर्थासह यादीतलं, 'हृष तुष्टौ' (हृष्, संतुष्ट होणे या अर्थी) पुढे करतात. त्यांनी तोच पाणिनी थोडा पुढे वाचावा. सातव्या अध्यायात 'हृषेर्लोमसु' असं स्वतंत्र सूत्र आहे. अंगावरच्या केसांबद्दल बोलायचं असेल तर 'हृष्टानि लोमानि' आणि 'हृषितानि लोमानि' अशी दोन्ही रूपं चालतात, एवढंच सांगायला वैयाकरणाने एक सूत्र खर्च केलं आहे. केस उभे राहणं हा या धातूचा नेहमीचा, घरचा वापर होता म्हणूनच. काशिका या पाणिनीवरच्या जुन्या टीकेत त्याच सूत्राखाली आणखी एक उदाहरण येतं: 'हृष्टा दन्ताः'. म्हणजे आंबलेले दात. आयुर्वेदात दन्तहर्ष नावाचा विकार आहे. सुश्रुताने त्याचं लक्षण दिलंय की दातांना थंड, उष्ण, स्पर्श काही सोसत नाही. हर्ष म्हणजे आनंदच असता तर दन्तहर्षाला विकारांत जागा मिळाली नसती. दात शिवशिवतात आणि अंग शहारतं, या दोन्हीला जुन्या लोकांनी एकच शब्द वापरला.

गीतेत तर हा शब्द दोन्ही टोकांना आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते'. अंग कापतंय, काटा येतोय, गांडीव हातातून गळतंय. यात आनंदाचा लवलेश नाही. अठराव्या अध्यायात संजय हाच संवाद 'अद्भुतं रोमहर्षणम्' म्हणून आठवतो आणि लगेच 'हृष्यामि च मुहुर्मुहुः' म्हणतो. प्रसंग एकच. ज्याच्यावर गुदरला त्याला भीतीने काटा आला, ज्याने लांबून पाहिला त्याला आनंदाने. भयपट पाहणारा प्रेक्षक संजयाच्या जागी बसलेला असतो, अर्जुनाच्या नव्हे.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. इंग्रजीतला 'हॉरर' हा आपल्या हर्षाचा सख्खा चुलतभाऊ आहे. लॅटिनमध्ये 'होर्रेरे' म्हणजे काटे उभे राहणे, शहारणे. वाऱ्याने शहारणाऱ्या उभ्या पिकालाही लॅटिन कवींनी हेच क्रियापद वापरलं. होर्रेरे आणि हृष् एकाच आद्य धातूपासून निघाले. लॅटिनचा 'ह' आणि संस्कृतचा 'ह' असे समोरासमोर येणं योगायोग नाही. लॅटिनमधला हिवाळा 'हिएम्स' आणि आपलं 'हिम' यांची जोडी तशीच आहे. म्हणजे 'हॉरर फिल्म'चं मराठी करायला बसलात तर ध्वनीने, व्युत्पत्तीने आणि अर्थाने सर्वांत जवळचा शब्द 'हर्षपट' ठरतो! तो रूढ व्हावा असं मी म्हणत नाही, लोकांना लग्नाचा व्हिडिओ वाटेल. पण 'रोमहर्षक' नाकारणाऱ्याने आधी 'हॉरर' नाकारावा.

पुराणं सांगणारा सूत कोण? रोमहर्षण. हे नाव का पडलं तेही पुराणातच दिलं आहे: तो कथा सांगायचा तेव्हा ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. आपल्या परंपरेतल्या सर्वांत मोठ्या कथेकऱ्याचं नावच 'काटा आणणारा' असं आहे. कृष्णाचं 'हृषीकेश' हे नावही मला याच घरातलं वाटतं. टीकाकार 'हृषीक' म्हणजे इंद्रियं आणि त्यांचा ईश असा विग्रह करतात. शेकडो वर्षं तोच घोकला जातो. पण 'हृषी' आणि 'केश' असं साधं तोडलं तर ज्याचे केस उभे आहेत तो, असा स्वच्छ अर्थ निघतो आणि गीतेत शेजारीच येणाऱ्या 'गुडाकेश' या अर्जुनाच्या नावाशी सूरही जुळतो. इंद्रियांचा ईश हा तत्त्वज्ञांनी मागाहून चढवलेला अंगरखा आहे, असं माझं ठाम मत आहे.

हॉररचा जोडीदार 'टेरर'. तोही आपलाच. लॅटिन 'तेर्रेरे' आणि संस्कृत 'त्रस्' एका मुळाचे. म्हणजे टेरर म्हणजे त्रास. आज त्रास म्हणजे शेजाऱ्यांच्या ड्रिलमशीनचा कटकटाट, पण भरताच्या नाट्यशास्त्रात त्रास हा तेहेतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन जाणाऱ्या, भावांपैकी एक आहे आणि त्याची कारणं दिली आहेत वीज कोसळणं, उल्का पडणं, मेघगर्जना, श्वापदाचा आवाज. सगळी एका क्षणाची. पापणी मिटते, अंग आकसतं, संपलं. आज ज्याला सगळे 'जंप स्केअर' म्हणतात तो हाच त्रास, रोजच्या मराठीत दचका. भय मात्र स्थायी, म्हणजे टिकून राहणारा, भाव आहे. तो मागे राहतो.

म्हणूनच ॲन रॅडक्लिफ या इंग्रज भयकादंबरीकार बाईंचं मत मला पटत नाही. 1826 साली छापून आलेल्या तिच्या निबंधात टेरर आणि हॉरर एकमेकांच्या विरुद्ध ठरवले आहेत: टेरर मनाला विस्तारतो, जागं करतो, हॉरर गोठवतो. पुढे भयकथाकार स्टीफन किंगने टेरर सर्वांत वर, मग हॉरर, आणि तळाला किळस अशी उतरंड मांडली. आपल्याकडचे समीक्षक ती जशीच्या तशी उतरवून घेतात. पण या दोघांच्या 'टेरर'मध्ये जे आहे ते म्हणजे धास्ती, काहीतरी येणार आहे पण अजून आलेलं नाही ही टांगती जाणीव. ती स्थायी आहे. त्रस् धातू क्षणिक दचक्याचा. इंग्रजीने शब्द उलटे वाटून घेतले. मराठीत लिहिणाऱ्याला ही उसनवारी करायची गरजच नाही, कारण दचका, धास्ती, काटा, किळस हे चार शब्द घरात आहेत आणि चारही वेगवेगळे आहेत.

गुण देताना नेमकी इथेच गफलत होते. पाचपैकी तीन तारे म्हणजे काय? ज्याला किळस पाच आणि धास्ती एक, त्याची सरासरी तीन. ज्यात दोन्ही तीन-तीन, त्याचीही तीन. पण हे दोन चित्रपट दोन वेगळ्या प्रेक्षकांसाठी आहेत. तेव्हा चार रकाने करा, प्रत्येकाला पाचपैकी गुण द्या आणि सरासरी काढूच नका.

दचक्याच्या रकान्यात नुसती संख्या नको. त्यातले फुसके किती तेही लिहा: मांजर उडी मारते, मित्र मागून खांद्यावर हात ठेवतो, पक्षी काचेवर आपटतो. 'कॅट पीपल' या 1942 च्या चित्रपटात रात्री एकटी चालणारी बाई पावलांच्या कानोशाने भेदरली आहे, आणि अचानक फिस्स करत बस येऊन थांबते. वॅल ल्यूटनच्या निर्मितीतली ही युक्ती इतकी गाजली की पुढे असल्या प्रत्येक फसव्या दचक्याला धंद्यातले लोक 'बस' म्हणू लागले. ती चालली कारण तिच्याआधी मिनिटभर फक्त टाचांचा आवाज आहे, संगीत नाही. आजचे बरेच दिग्दर्शक फक्त बस आणतात. टाचांचा आवाज कापून टाकलेला असतो, मग आवाज चढवून भरपाई करतात. घरी फोनवर पाहिलं तर ती भरपाईही पोचत नाही, म्हणून परीक्षणात कुठे आणि कशावर पाहिलं ते लिहिणं आवश्यक आहे. भरताने भयानक रसाची कारणं मोजताना पहिलाच शब्द 'विकृतरव' घातला आहे. घुबडं, कोल्हे आणि ओसाड घरं त्याच्या मागून येतात.

दचका आणि धास्ती एकाच दृश्यात कशी बसतात ते पाहायचं असेल तर 1982 च्या 'द थिंग'मधली रक्ततपासणी पाहा. प्रत्येकाचं रक्त वेगळ्या बशीत. तार आगीवर तापवायची आणि रक्तात टेकवायची. माणूस खरा असेल तर नुसतं चर्र होतं. एकामागून एक बशा निर्धोक निघतात, तारेच्या त्याच त्या हालचालीला डोळा सरावतो, बोलणं दुसऱ्याच कोणावर संशय घेण्याकडे वळतं, आणि बोलता बोलताच पुढची बशी उसळते. दचका खणखणीत आहे, पण त्याचं वजन आधीच्या शांत बशांनी वाढवलेलं आहे. हा चित्रपट आला तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी किळसवाणा म्हणून झोडपला होता. त्यांनी किळसेच्या रकान्यातले गुण धास्तीच्या रकान्यातून वजा केले.

किळसेचेही दोन भाग करा. भरताने केले आहेत: रक्ताने येते ती क्षोभज, विष्ठा-कृमींनी येते ती उद्वेगी. सुरीने भोसकाभोसकीचे चित्रपट पहिल्यात, शरीर सडण्या-वितळण्याचे दुसऱ्यात. पहिलं सहन करणारा माणूस दुसऱ्याला अनेकदा उठून जातो, त्यामुळे 'हिंसक दृश्ये' एवढी सूचना अपुरी आहे. आणि कृपा करून 'बीभत्स' हा शब्द अश्लील या अर्थाने वापरू नका. तो एक रस आहे आणि त्याचा स्थायी भाव जुगुप्सा, म्हणजे किळस, आहे. भरताच्या मते तर भयानक रस बीभत्सापासूनच उपजतो: 'बीभत्साच्च भयानकः'.

'तुंबाड' (2018) घ्या. दचके मोजकेच. किळस उद्वेगी जातीची, ओली, मांसल. काटा मात्र भरपूर, आणि त्याचं कारण कणकेची बाहुली. हस्तर या भुकेल्या, शापित देवाला भुलवायला गर्भागारात नेलेला तो पिठाचा गोळा आपल्या स्वयंपाकघरातला आहे. म्हणून मराठी प्रेक्षकाला तो अधिक लागतो. धास्तीला साडेचार, दचक्याला दोन. 'महल' (1949) मध्ये दचका जवळजवळ शून्य, किळस शून्य, धास्ती आजही चार. शेवटी भूत नाही हे कळूनही ती उतरत नाही, म्हणून त्याला भयपट म्हणावं, भूतपट नव्हे.

जुन्या चित्रपटांना गुण देताना हे ध्यानात ठेवावं की दचका सर्वांत आधी शिळा होतो, मग रंगभूषा. धास्ती टिकते. रंगभूषा शिळी झाली की लोक हसतात, आणि ते हसणं म्हणजे प्रेक्षकांचा उद्दामपणा नव्हे. कुठल्याही रसाचा आभास झाला की हास्य उपजतं, हे नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त याने सांगून ठेवलंय.

राहिला 'थरारक' आणि 'रोमांचक'चा प्रश्न. थरारक थरथर या ध्वनीवरून आलेला, पाठलागाला योग्य. रोमांच आणि रोमहर्ष समानार्थी. भरताने रोमांचाची कारणं स्पर्श, भय, थंडी, हर्ष, क्रोध, रोग अशी दिली आहेत, तेव्हा तोही भीतीला चालतो. पण जाहिरातींनी 'रोमांचक' सहलींना आणि ऑफरना चिकटवून पातळ केला आहे, म्हणून माझं मत 'रोमहर्षक'लाच. 'लोमहर्षक' लिहिलंत तरी चालेल, र आणि ल तिथे अदलाबदलीचे आहेत. फक्त 'रोमहर्षित चित्रपट' लिहू नका. चित्रपट रोमहर्षक, प्रेक्षक रोमहर्षित.