दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत फॅमिली पोर्ट्रेटच्या किती ऑर्डरी घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की नेरूळला दोन वर्षं घरगुती पोर्ट्रेट करता, दसरा आला की रोज चार-पाच चौकशा येतात, तर त्यातल्या किती घ्यायच्या आणि एडिटिंग वेळेत कसं संपवायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. दुसऱ्याचं अर्धंच आहे, कारण पहिलं चुकलं की दुसरं कुणालाच सुटत नाही.

मी ठाण्यात नौपाड्यात १४ वर्षं हेच काम करतोय. शूट मोजू नका. शूट दिवसाला तीनही होतात. तुमच्याकडे रात्री किती आहेत ते मोजा. दीड तासाच्या शूटमध्ये माझ्या साडेतीनशे फ्रेम होतात, निवडून साठ उरतात, त्यातले पंचवीस मी नीट करून देतो आणि त्याला साडेचार तास जातात. तुमचा हात माझ्यापेक्षा वेगवान असेल तर चार धरा. २०१८ साली दसरा १८ ऑक्टोबरला होता आणि भाऊबीज ९ नोव्हेंबरला. तेवढ्या दिवसांत आम्ही ३१ घरं घेतली. म्हणजे जवळजवळ १४० तास नुसतं एडिटिंग, आणि दिवसभर शूट आहेतच. हा गुणाकार आम्ही दोघांपैकी कुणीही आधी केला नव्हता.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मेहुणा. फोन, व्हॉट्सॲप, पैसे त्याच्याकडे. कॅमेरा आणि एडिटिंग माझ्याकडे. माणूस मेहनती आहे, गोड बोलतो, आणि त्याचं एक ठाम मत आहे: "भावोजी, दिवाळीत दारात आलेली लक्ष्मी परत पाठवू नये." मी कुरकुर केली की हेच वाक्य. मीही ऐकत गेलो, हे खरं आहे.

६ नोव्हेंबर, नरकचतुर्दशी. ठाण्यातल्याच चरईत एका घरी पहाटे सहाचं शूट होतं. आजी ऐंशीच्या पुढच्या, अभ्यंगस्नान करून हिरव्या नऊवारीत दारात पाटावर बसलेल्या, बाजूला पणत्या, मागे मुलगा, मुलगी, सून, नातवंडं. मुलगा मर्चंट नेव्हीत, भाऊबीजेच्या रात्री निघणार होता. फोटो बहिणीने त्याच्यासाठीच ठरवला होता. नातवाने उजेड कमी पडेल म्हणून हॉलमधली ट्यूब लावली. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात: पणतीचा १९००च्या आसपास, म्हणजे केशरी, ट्यूबचा साडेसहा हजार, म्हणजे निळसर. आजींच्या चेहऱ्याची एक बाजू केशरी आणि दुसरी निळसर हिरवी. मला ते व्ह्यूफाइंडरमध्येच दिसलं. ट्यूब बंद करायला सांगायची, फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, लावायची, पाच मिनिटांचं काम. पण आठ वाजता घोडबंदर रोडला दुसरं घर होतं आणि मेहुण्याचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले होते. रॉ फाइल काढली की रंग नंतरही बराच सुधारता येतो. मी म्हटलं, रॉमध्ये काढतोय, नंतर बघू.

नंतर म्हणजे रात्री अडीचला बघितलं. आणखी तीन घरं बाकी होती. एडिटिंगमधला ब्रश घेऊन चेहऱ्याची बाजू वेगळी करायला हवी होती. मी एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचा एकच तोल, ठरवला आणि सगळ्या फोटोंना लावून टाकला.

पाडव्याच्या संध्याकाळी त्या बहिणीचा मला फोन आला, "दादा, उद्या फ्रेम किती वाजता येईल?" मला काहीच माहीत नव्हतं. मेहुण्याने तिला आठवडाभर आधी लिहून दिलं होतं, सोळा बाय चोवीस इंच, फ्रेम करून, भाऊबीजेला सकाळी घरपोच. प्रिंट काढणाऱ्या लॅबची मुलं धनत्रयोदशीलाच गावी गेली होती आणि शटर सोमवारी उघडणार होतं. फ्रेमवाल्याचंही तेच. नरकचतुर्दशीला काढलेला फोटो भाऊबीजेला भिंतीवर लागेल असं आमच्या धंद्यातला कुणी बोलूच शकत नाही, पण बोलणाऱ्याला लॅबची दारं ठोठवायची नव्हती. ती मला ठोठवायची होती.

मी घरच्या प्रिंटरवर ए-फोर काढला. माझ्या मुलीच्या बारशाचा फोटो भिंतीवरून उतरवून त्याची फ्रेम घेतली आणि दुपारी चरईत गेलो. ताटात निरांजन तयार होतं. बहिणीने फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि हळूच विचारलं, "आईचा चेहरा आजारी दिसतोय का हो यात?" आजी समोरच बसल्या होत्या, चांगल्या ठणठणीत. मी म्हटलं, प्रिंटर घरचा आहे, बदलून देतो. भाऊ म्हणाला, काच बॅगेत फुटेल. त्याने फ्रेममधून कागद काढला आणि आपल्या पासपोर्ट आणि सीडीसीच्या, म्हणजे जहाजावरच्या नोंदपुस्तकाच्या, फाइलमध्ये ठेवला.

डिसेंबरमध्ये मी तो फोटो दिवसाउजेडी बसून पुन्हा केला, सोळा बाय चोवीस काढला, माझ्या खर्चाने फ्रेम करून दिला. तो चरईत लागलाय. भावाला सुधारलेली फाइल मेलही केली. पण तो सुट्टीवर आला तेव्हा सहज बोलून गेला, केबिनमध्ये लावला होता तो आधीचा कागदच. सहा-सात महिने तो माणूस आईचा तो पिवळाहिरवा चेहरा बघत होता. मला अजूनही ट्यूबखाली कुणी बसलेलं दिसलं की आधी हात बटणाकडे जातो.

मेहुणा दर पाडव्याला जेवायला येतो आणि विषय निघाला की म्हणतो, "पुढच्या वर्षी ते लोक परत आलेच ना? मग नुकसान काय झालं?" आले, खरंय. पण २०१९ला त्यांचा फोन मी स्वतः घेतला, गणपतीतच. म्हटलं, ताई, शूट दसऱ्याआधी केलं तरच फ्रेम भाऊबीजेला मिळेल, नाहीतर तुळशीच्या लग्नानंतर. त्या म्हणाल्या, "चालेल की." एवढंच. तारीख ऐकून गिऱ्हाईक पळत नाही. तारीख चुकली की तेही पळत नाही एखाद्या वेळी, पण ते तुमच्यावर उपकार करतं. हे मेहुण्याला आजही पटत नाही. आम्ही काम वेगळं केलं, जेवण एकत्र आहे.

तेव्हा माझं म्हणणं हे: तारीख देणारा आणि काम करणारा माणूस एकच असला पाहिजे. बायको, भाऊ, मित्र कुणीही फोन उचलू दे, पण "कधी मिळेल" याचं उत्तर तुम्हीच द्यायचं. एकट्या हाताला या सिझनला चौदा-पंधरा घरं पुष्कळ झाली. त्याच्या वर मी घेत नाही. अर्धे पैसे आधी, त्याशिवाय तारीख अडवायची नाही. भेट द्यायची फ्रेम असेल तर शूट दसऱ्याआधीच. लॅबचं शटर कधी खाली येतंय ते आजच विचारून ठेवा, मग चौकशीला उत्तर द्या.

बाहेरच्या शूटचं तुमच्याकडे वेगळं असेल. ठाण्यात नरकचतुर्दशीला राम मारुती रोड आणि तलावपाळी मी सरळ नाकारतो, तिथे पहाटेपासून तरुण मुलांची इतकी गर्दी असते की आजी-आजोबांना उभं करायला जागा नाही. नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेत जात असाल तर नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास जातो, चांगला उजेड वीस-पंचवीस मिनिटं. एका संध्याकाळी एकच कुटुंब घ्या. दोन बसवाल तर दुसऱ्याला उरलेलं मिळेल.

एडिटिंग बाहेर द्यावं का, हेही विचारलंय. क्रॉपिंग, निवड, बॅकग्राउंडची साफसफाई द्या. चेहऱ्याचा रंग देऊ नका, तो माणूस तुम्ही पाहिलाय, एडिटिंग करणाऱ्याने नाही. कार्डाच्या दोन कॉपी केल्याशिवाय झोपू नका, एका घराचे आठ-दहा जीबी होतात, जड काही नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. माझ्या बायकोला नोकरी आहे, त्यामुळे सोळाव्या घराला नाही म्हणणं मला परवडतं. तुमचं घर यावरच चालत असेल, लेन्सचा हप्ता असेल, तर वीस घ्या, कुणी नावं ठेवणार नाही. फक्त वरच्या पाच घरांना फोटो तुळशीच्या लग्नानंतर मिळतील हे बुकिंगच्या फोनवरच सांगा, आणि शूटला गेलात की ट्यूब बंद करायला सांगा.