शिष्य गुरूसारखा गातो, म्हणजे ठसा उमटला का?

तुमचा प्रश्न आहे, "गाण्यातल्या गुरूचा ठसा शिष्यावर उमटलाय हे ओळखायचं कसं? शिष्य हुबेहूब गुरूसारखा गायला, तरच ना?"

मुळीच नाही. या 'हुबेहूब'शी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पं. जगन्नाथबुवा पुरोहित (1904–1968), म्हणजे 'गुणिदास', यांचं उदाहरण घ्या. आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँसाहेबांची तालीम, तबला थिरकवाँ खाँसाहेबांकडे. शिष्य कोण? राम मराठे, सी. आर. व्यास, यशवंतबुवा जोशी, माणिक वर्मा, जितेंद्र अभिषेकी. या पाच जणांची ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावा. एकाचं गाणं दुसऱ्याला मिळत नाही. माणिकताई हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू मान्यांकडची किराणा घराण्याची तालीम घेऊन आल्या. यशवंतबुवा मिराशीबुवांची ग्वाल्हेर घराण्याची गायकी घेऊन आले. व्यासबुवांकडे तर किराणा आणि ग्वाल्हेर दोन्ही होतं. जगन्नाथबुवांनी यातलं काहीही पुसून टाकलं नाही. राम मराठ्यांनी 'मंदारमाला' गाजवलं, अभिषेकीबुवांनी 'कट्यार'ला चाली दिल्या, तरी जगन्नाथबुवांचे शिष्य म्हणूनही ही माणसं ओळखली जातात. व्यासबुवांनी तर गुरूंच्या नावाने गुणिदास संमेलन सुरू केलं.

मग ठसा कुठे आहे? मुखड्यात, म्हणजे बंदिशीच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्यात, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येण्यात, बंदिशीचे शब्द कुठे ठेवायचे त्यात. आणि रागाकडे बघण्यात. जगन्नाथबुवांनी बांधलेला जोगकंस रागच घ्या. ऋषभ (रे) वर्ज्य, गंधार (ग) दोन्ही, म्हणजे शुद्ध आणि उतरलेला कोमल, मध्यम (म) आणि पंचम (प) आहेतच, धैवत (ध) कोमल, निषाद (नी) शुद्ध. नुसते स्वर मांडले तर जोग आणि चंद्रकंस हे दोन राग शेजारी शेजारी ठेवल्यासारखे वाटतात. राग उभा राहतो तो स्वर एकमेकांना कसे जोडता त्यावर. वर जाताना 'सा ग म', पंचमाला स्पर्श करून मध्यमावर परत, मग 'ध नी सां'. उतरताना 'सां नी ध प म', आणि शेवटी 'ग म', कोमल गंधार, 'सा'. हा कोमल गंधार मध्यमावरूनच घ्यायचा आणि तिथून थेट षड्जावर (सा) यायचं. शिकणारे इथेच चुकतात. कोमल गंधारावर थांबले की चंद्रकंस डोकावतो. निषाद किंचित उतरला की जोग होतो. पंचमावर मुक्काम केला की 'ध नी सां'ची धार जाते. म्हणून तानपुरा मध्यमात किंवा शुद्ध निषादात लावून बसा. पंचमाच्या तानपुऱ्यावर गळा नकळत पंचमाकडे ओढला जातो.

हे समजलं की राग आपल्या गळ्यातून गाता येतो. किशोरीताई आमोणकर तर जयपूर घराण्याच्या, त्यांनीही जोगकंस गायला आणि तो पूर्णपणे त्यांचाच वाटतो.

लयीचंही तेच. मध्यलय तीनताल (सोळा मात्रा) घ्या, मुखडा नवव्या मात्रेपासून उठणारा. समेपासून आठ मात्रा तुमच्या. आधी त्यात बंदिशीचे शब्द बरोबरीने म्हणा, मग दीडपटीत, म्हणजे आठ मात्रांत बारा अक्षरं, मग दुपटीत सोळा. दीडपट बहुतेकांची घसरते. पाचव्या-सहाव्या मात्रेपर्यंत ती दुप्पट होऊन जाते आणि मग मुखड्याची वाट बघत एक स्वर ताणून धरावा लागतो. कारण साधं आहे, ठेका ऐकायचा सोडून अक्षरं मोजली जातात. हाताने टाळी-खाली (टाळी वाजवणं आणि रिकामा हात फिरवणं) चालू ठेवा, नवव्या मात्रेची खाली चुकवू नका. पंधरा दिवसांत फरक पडतो.

आता नकलेचं काय होतं ते बघा. गुरूंची आठ मात्रांची तान जशीच्या तशी घोटलेली असते. मैफलीत तबलजीने लय थोडी चढवली की तीच तान गळ्यात अडकते, कारण ती मोडून पुन्हा कशी जुळवायची हे शिकवलेलंच नसतं. त्याहून वाईट म्हणजे श्वास. सत्तरीच्या गुरूंचा दम कमी झालेला असतो, ते ओळ मध्येच तोडून श्वास घेतात. विशीतला शिष्य, फुप्फुसं ठणठणीत, तोही नेमका तिथेच श्वास घेतो आणि लोक म्हणतात, 'वा, काय तालीम आहे!' ती तालीम नव्हे, ते म्हातारपण उचललंय. मुलींना गुरूंच्या काळी एक पट्टीत (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला 'सा' धरून) गायला बसवणं हाही त्यातलाच प्रकार. तिचा षड्ज काळी चार-पाचच्या आसपास असतो. काळी एकला तिचा खर्ज, म्हणजे खालचे स्वर, घशातच बसतो, आणि सगळी मेहनत वाया. तिच्या पट्टीचा तानपुरा वेगळा लावा, तेवढे कष्ट गुरूने घ्यायलाच हवेत.

जे म्हणतात, 'गुरूसारखं गात नाही म्हणजे नीट शिकला नाही', त्यांनी बुवांच्या शिष्यांतला नीट न शिकलेला कोण ते सांगावं.

एक मात्र मान्य करतो. पहिली तीन-चार वर्षं नक्कल हवीच. कण (शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श) कुठे लागतो, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कुठून सुटते, हे कानाला दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळत नाही. शिवाय बुवांकडे आलेले हे बहुतेक जण आधीच तयार होते. कोऱ्या पाटीच्या पोराला पहिल्याच वर्षी 'तुझं तू गा' म्हणणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. वरचं सगळं त्यानंतरच्या वर्षांसाठी आहे.

तुम्हाला ओळखायचंच असेल, तर शिष्याला गुरूंकडे न शिकलेली बंदिश द्या आणि अर्धा तास एकटं सोडा. मग ठेका लावून गायला सांगा. आवाज कुणासारखा लागतो तिकडे लक्ष देऊ नका. मुखडा समेवर धक्का न देता येतो का, आणि ओळ भरताना शब्द अर्थाच्या मध्ये तुटतो का, एवढंच ऐका.