लेकीचं नाव अजून जोधपूरलाच आहे

प्रश्न : गुरुजी, माझे यजमान लष्करात आहेत. तीन वर्षं आम्ही जोधपूरला होतो. जुलैत त्यांची बदली झाली. तिथे कुटुंब नेता येत नाही, म्हणून मुलांना घेऊन मी सासरी आले. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. गावच्या जिल्हा परिषद शाळेत दोघं जाऊन बसतात. पण जुन्या शाळेचा दाखला आलेला नाही आणि कॉम्प्युटरवर नावं तिकडेच दिसतात, म्हणून पटावर घेता येत नाही, असं सांगतात. जाऊबाई म्हणतात, राहू दे तिकडचं नाव, परत बदली झाली तर उपयोगी पडेल. काय करू?
– एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : ताई, नाव तिकडे ठेवू नका. नाव तिकडे राहिलं म्हणजे तिकडे मूल वर्षभर गैरहजर आणि इकडे नुसतं बसायला आलेलं. पुस्तकं नाहीत, पोषण आहाराच्या हिशोबात नाही.

दाखल्याचं म्हणाल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ मुख्याध्यापकांना दाखवा. दाखला यायला उशीर झाला म्हणून पहिली ते आठवीच्या मुलाचा अशा शाळेतला प्रवेश अडवता येत नाही, लांबवताही येत नाही. मूल परराज्यातून आलं तरी हाच नियम. दोघांचा वेगवेगळा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. जोधपूरच्या शाळेलाही दाखल्यासाठी लेखी कळवा; तो ताबडतोब देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

कॉम्प्युटरचं काम त्यानंतरचं. यू-डायस प्लस, म्हणजे शाळा आणि मुलांच्या नोंदीची सरकारी संगणक यादी. तिच्यात प्रत्येक मुलाला ११ आकडी पेन नंबर, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक असतो. जुन्या शाळेने नाव सोडलं की ते ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत येतं, आणि नवी शाळा पेन नंबर व जन्मतारीख घालून ते आपल्याकडे ओढून घेते. तेव्हा दाखल्याबरोबर दोघांचे पेन नंबरही मागून घ्या. आधारवरचं नाव शाळेतल्या नावाशी आत्ताच ताडून पाहा. तिकडे बरेचदा नाव आणि आडनाव एवढंच लिहितात, आपल्याकडे मध्ये वडिलांचं नाव लागतं. गाडी नेमकी तिथेच अडते.

हे इतकं बजावून सांगतो, त्याला कारण आहे. मी दापोली तालुक्यात मुख्याध्यापक होतो. एका जूनमध्ये चौथीतली एक मुलगी शाळेत आलीच नाही. वडील फौजी. मी वाट पाहिली आणि जनरल रजिस्टरात तिच्या नावापुढे लाल शाईने लिहिलं : ‘सतत गैरहजर, नाव कमी’. तिचं घर दोन वाड्या पलीकडे होतं, पण मी चौकशीला गेलो नाही. वडिलांनी बिऱ्हाड पठाणकोटला नेलं होतं. दोन वर्षांनी शिमग्याला आई तिला घेऊन आली. दाखला नाही म्हणून तिकडे तिला एक इयत्ता खाली बसवलं होतं. पावसाने ओल धरलेल्या त्या पानावर माझी लाल रेघ तशीच होती. आईने ती पाहिली, काही बोलली नाही. त्या मुलीचं ते वर्ष मी घालवलं.

तेव्हापासून मी एक शंभरपानी वही घातली : फौजीचं मूल, वडील रजेवर कधी येतात, बिऱ्हाड कुठे गेलं, तिथली शाळा, घरच्यांचा फोन. खात्याने मागितली नव्हती. अमेरिकेत २०१५ च्या शिक्षण कायद्याने सेवेतल्या सैनिकांच्या मुलांची प्रगती वेगळी नोंदवणं राज्यांना बंधनकारक केलं. आपल्या कोकणात घरटी फौजी असलेल्या वाड्या आहेत, इथे प्रत्येक शाळेत अशी वही हवीच. तुमच्या मुख्याध्यापकांना माझ्या नावाने सांगा.

आणि रजिस्टरातल्या एका ओळीचं मोल पाहायचं तर साताऱ्याला जा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत १९१४ क्रमांकाला ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे, वडील लष्करातले सुभेदार, पेन्शनीत आल्यावर आमच्या दापोली कॅम्पात राहिलेले. त्या नोंदीचा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

मुलीचं मराठी कच्चं असेल. वर्गशिक्षिकेला तसं मोकळेपणी सांगा आणि रोज आजीला एक पान वाचून दाखवायला लावा. धाकट्याची काळजी नको, तो दिवाळीपर्यंत शेजारच्या पोरांसारखा बोलायला लागेल.

आणखी एक. यजमानांना मुलांच्या शिक्षणाचा भत्ता मिळतो, १ जानेवारी २०२४ पासून दर मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे. त्यासाठी मुख्याध्यापकांचं बोनाफाईड लागतं, आणि नाव पटावर नसेल तर ते देणार कोण? वर्ष संपलं की इथलं घ्या, जोधपूरच्या महिन्यांचं तिकडून मागवा. त्यानंतर यजमान रजेवर आले की दोन्हींच्या झेरॉक्स त्यांच्या ट्रंकेत टाका, मूळ कागद तुमच्यापाशी.