'पाचवी पलटण' म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न असा: पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला होते आणि 'पाचव्या पलटणीत' होते, असं घरात सांगतात. पलटण म्हणजे प्लॅटून का? नोंद कुठे शोधायची?

प्लॅटून नव्हे. उच्चार जवळचा असला तरी शिपायांच्या तोंडची पलटण म्हणजे बटालियन, साधारण ७५० माणसांची. प्लॅटूनमध्ये पन्नासही नसतात. १९१४ साली देशी पायदळाच्या बहुतेक रेजिमेंटांत एकच बटालियन असे, म्हणून रेजिमेंटलाही पलटणच म्हणत.

खरा घोळ 'पाचवी'चा आहे. तेव्हा मराठ्यांच्या रेजिमेंटा होत्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२च्या फेररचनेत त्या मिळून '५ मराठा लाइट इन्फंट्री' झाली. १०३ची १/५ झाली, १०५ची २/५, ११०ची ३/५, ११६ची ४/५, ११७ची ५/५. ११४ ही प्रशिक्षणाची १०/५. रेघेआधीचा आकडा बटालियनचा, नंतरचा रेजिमेंटचा. म्हणजे 'पाचवी' ही सबंध रेजिमेंट असेल, ५/५ असेल, नाहीतर 'काळी पाँचवी', म्हणजे २/५. हा तिसरा अर्थ हमखास निसटतो. १०५ ही मुळात मुंबई लष्कराची ५वी. १९०३मध्ये तेव्हाचे सरसेनापती किचनर यांच्या फेरबदलात मुंबईच्या आकड्यांत १०० मिळवले गेले, पण नाव टिकलं.

घरात मेसोपोटेमियातल्या कूट शहराच्या वेढ्याची, तुर्कांच्या कैदेची आठवण असेल तर १०५पेक्षा ११७कडे (पुढची ५/५) झुकावं. २९ एप्रिल १९१६ला कूट पडलं तेव्हा १०३, ११० आणि ११७ आत होत्या, १०५ नव्हती.

पणजोबा तिकडेच वारले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. आडनावाचं स्पेलिंग कसंही असू शकतं, म्हणून शिपाई क्रमांक किंवा रेजिमेंटवरून शोधणं बरं. 'मराठा'चं स्पेलिंग तिथे जुनं आहे: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. गाव आजच्या सिंधुदुर्गातलं, पण जुन्या सावंतवाडी संस्थानाबाहेरचं असेल तर जिल्हा रत्नागिरी धरा, कारण सिंधुदुर्ग १९८१चा. बसऱ्याच्या स्मारकाच्या फोटोत नाव दिसलं नाही म्हणून थांबू नका: तिथे हिंदी सैनिकांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. हा उघड अन्याय होता.

पणजोबा जिवंत परतले असतील तर मात्र तिथे काही मिळणार नाही, कारण कमिशनकडे फक्त मृतांची नोंद असते. मग पेन्शनच्या कागदावर आधी साल पाहा. १९२२नंतरचा असेल तर त्यावर रेघेचा नवा आकडा असण्याचा संभव जास्त, तो वरच्या यादीवरून उलटा लावा.