टाकीची पातळी आणि प्रेशर सेन्सर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाण्याची टाकी २ मीटर उंच आहे. तळाशी ० ते १० बार (दाबाचं एकक) मोजणारा सेन्सर लावलाय. अचूकता ०.५ टक्के लिहिली आहे, तरी पातळी ४०-५० सेंटीमीटरनं चुकते. सेन्सर बिघडलाय का?

उत्तर : सेन्सर बहुधा धडधाकट आहे, निवड चुकली आहे. ती टक्केवारी साधारणपणे पूर्ण रेंजची असते. १० बारचे ०.५ टक्के म्हणजे ०.०५ बार, आणि पाण्याचा १ मीटर उंच स्तंभ जेमतेम ०.०९८ बार दाब देतो. म्हणजे चूक अर्ध्या मीटरची झाली! तुमची टाकी काठोकाठ भरली तरी दाब ०.२ बारच्या आतच राहणार. ० ते ०.२५ बारचा सेन्सर घ्या. तेवढ्याच टक्केवारीत चूक सव्वा सेंटीमीटरवर येईल.

प्रश्न : पाण्यात सोडायचा सेन्सर आहे. कुणी पाणी उपसलं नाही, तरी हवा बदलली की पातळी १०-१५ सेंटीमीटर हलते.

उत्तर : आधी सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. ॲब्सोल्यूट असेल तर तो पाण्यासोबत डोक्यावरच्या हवेचाही दाब मोजतो. हवेचा दाब १० मिलिबारनं उतरला की पाणी सुमारे १० सेंटीमीटर उतरल्यासारखं दिसतं. अशा वेळी बाहेर दुसरा सेन्सर ठेवून हवेचा दाब वजा करावा लागतो.

गेज प्रकारचा, म्हणजे हवेचा दाब वगळून मोजणारा, असेल तर संशय केबलवर घ्या. तिच्यात एक बारीक नळी असते. तिच्यातून बाहेरची हवा सेन्सरच्या पडद्यामागे (दाब झेलणाऱ्या पातळ पापुद्र्यामागे) पोचते आणि दोन्ही बाजूंचा हवेचा दाब एकमेकांना खोडतो. पाणी शिरू नये म्हणून बसवणारे मोठ्या काळजीनं नळीचं बाहेरचं तोंड टेपनं बंद करतात, किंवा केबल इतकी करकचून बांधतात की नळी दबते. मग आत कोंडलेली हवा तापेल-निवेल तशी पातळी हलणारच. हे मी इतक्यांदा पाहिलंय की सेन्सर बदलण्याआधी नळीचं तोंड बघा, हे आग्रहानं सांगतो. ते कोरड्या जंक्शन बॉक्समध्ये उघडं ठेवा, सोबत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा आणि जेलचा रंग बदलला की तेही बदला. नळीत ओल धरली तर ती पडद्यापर्यंत जाते.

प्रश्न : पाण्यावर जुळवलेला सेन्सर डिझेलला चालेल?

उत्तर : पडदा आणि सील डिझेलला टिकणारे असतील तर चालेल, पण सेटिंगमध्ये डिझेलची घनता भरावी लागेल. डिझेलची घनता पाण्याच्या साधारण ०.८४ पट, म्हणून १ मीटर डिझेल ८४ सेंटीमीटर दिसेल. एक फायदा मात्र लक्षात ठेवा : टाकीच्या भिंती सरळ उभ्या असतील तर तळाचा दाब गुणिले तळाचं क्षेत्रफळ म्हणजे थेट द्रवाचं वजन. डिझेल तापून फुगलं तरी हा हिशोब बदलत नाही. साठा किलोत मोजत असाल तर घनतेच्या भानगडीत पडूच नका.

प्रश्न : बंद टाकीत वर नायट्रोजन दाबानं भरलेला असतो. तळाशी एकच सेन्सर पुरेल?

उत्तर : नाही, तो वायूचा दाबही पातळी म्हणून दाखवेल. खाली एक आणि वर वायूत एक अशा दोन जोडण्यांचा डिफरन्शियल ट्रान्समीटर, म्हणजे दोन दाबांमधला फरक मोजणारा सेन्सर, लावा. वरच्या नळीत वाफ थंडावून द्रव साचत असेल तर ती नळी आधीच द्रवानं पूर्ण भरून घ्या आणि शून्य त्याप्रमाणे सरकवा. अर्धवट भरलेली नळी रोज वेगळी पातळी दाखवते.