हक्काचा कप, ठेवणीतला कप आणि बाबांचा कोप

म्हापशाहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या घरी प्रत्येकाचं चहाचं भांडं ठरलेलं आहे : आजीचा स्टीलचा पेला, बाबांचा मोठा मग, भावाचा टवका उडालेला पण टाकू न दिलेला कप. त्यांनी कुठेतरी 'बाबांचा ठेवणीतला मग' असं लिहिलं, तर सांगलीहून आलेली वहिनी हसली. मग या कपाला म्हणायचं काय? शिवाय दोन शंका : घरात सगळे कोकणीत कपाला 'कोप' म्हणतात, तो मराठीत लिहिताना चालेल का? आणि 'मग'चं सामान्यरूप कसं करायचं?

वहिनी हसली ते बरोबरच. 'ठेवणीतला' म्हणजे एरवी उचलून ठेवलेला, प्रसंगानं बाहेर काढायचा. ठेवणीतली साडी लग्नाला निघते. ठेवणीतली शिवी ऐनवेळी निघते. तसे ठेवणीतले कप म्हणजे काचेच्या कपाटातला सोनेरी काठाचा सहांचा संच, जो चतुर्थीला किंवा मुलगी बघायला पाहुणे आले की धूळ पुसून बाहेर येतो. बाबांचा मग रोज सकाळी ओट्यावर असतो, म्हणजे तो 'वापरातला'. दोन्ही शब्द एकमेकांच्या अगदी उलट आहेत. घोटाळा होतो तो 'ठेवलेला' या कल्पनेमुळे : बाबांसाठी राखून ठेवलेला म्हणून ठेवणीतला, असं वाटतं. पण राखलेल्याला 'राखीव' म्हणतात, आणि तो शब्द एसटीतल्या आसनांवर इतका घट्ट बसला आहे की कपावर शोभत नाही.

मग उरतात चार-पाच शब्द, आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 'आवडता कप' म्हणजे तो एकच कप, दुसरा नव्हे. 'आवडीचा कप' म्हणजे आपल्या पसंतीच्या जातीचा, रुंद तोंडाचा किंवा पातळ काठाचा. आवडीचा कप बाजारात पुन्हा मिळतो, आवडता फुटला की संपला. 'सवयीचा' म्हटलं की प्रेम कमी आणि हात जास्त. 'ठरलेला' हा सर्वांत कोरडा शब्द, म्हणून माहिती सांगायला उत्तम : 'आमच्याकडे प्रत्येकाचा कप ठरलेला आहे.' आणि दुसऱ्या कुणी तो घेतला तर घरात नाराजी पसरते, असा अर्थ हवा असेल तर 'हक्काचा'. हक्काची जागा, हक्काचं माणूस, तसा हक्काचा कप. 'मालकीचा कप' मात्र म्हणू नये, सातबाऱ्यावर चढवल्यासारखा वाटतो. कुणी 'स्वचषक' असा शब्द सुचवलाच तर तोही नको. संस्कृतात चषक मद्याचा, आजच्या मराठीत तो विजेत्या संघाच्या हातातला. चहा दोन्हीकडे बसत नाही.

माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा विशेषण लागतच नाही. 'बाबांचा मग' एवढं पुरतं. मराठीतलं षष्ठीचं चा-ची-चे हक्क, सवय आणि लाड तिन्ही सांगतं. घरात 'बाबांचा मग कुठे आहे?' असं विचारलं की कोणता, हे कुणी उलटून विचारत नाही.

खरी गंमत सगळ्या घराबद्दल बोलताना येते. इथे मराठीची दोन हत्यारं आहेत, 'आपापला' आणि 'ज्याचा त्याचा', आणि ती अदलाबदल करून वापरली की वाक्य लंगडतं. करणारी माणसं आणि कपवाली माणसं तीच असतील तर 'आपापला' : 'सगळ्यांनी आपापला कप विसळून ठेवा.' देणारा एक आणि घेणारे दुसरे असतील तर 'ज्याचा त्याचा' : 'वहिनीनं ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या कपात चहा दिला.' या दुसऱ्या वाक्यात 'वहिनीनं सगळ्यांना आपापल्या कपात चहा दिला' असंही लोक लिहितात. समजतं, पण 'आपापल्या'चा ओढा कर्त्याकडे असतो आणि इथे कर्ता वहिनी आहे. काळजीनं लिहायचं असेल तर टाळा. 'प्रत्येकाला त्याच्या कपात' हेही व्याकरणात बसतं. फक्त घर बायकांचं असेल तर 'त्याच्या' खटकतं, आणि 'ज्याच्या त्याच्या' मात्र म्हणीसारखं झाल्यामुळे खटकत नाही.

'आपला'कडे जरा जपून. 'तिनं आपला कप उचलला' म्हणजे स्वतःचा. 'आपला कप घे, पाहुण्यांचा नको' म्हणजे तुझा-माझा, घरचा. 'आपला कप कोणता?' असं सुनेनं सासऱ्यांना विचारलं तर तो आदरार्थी 'तुमचा'. तीन अर्थ, एकच शब्द. कोकणीत 'आपलो' फक्त स्वतःचा, आणि 'आमचो' ऐकणाऱ्याला धरूनही चालतो, वगळूनही. म्हणून गोव्यातली माणसं मराठीत पाहुण्यासमोर 'हा आमचा कप' म्हणतात तेव्हा त्यात परकेपणा नसतो, पण घाटावरच्या कानाला 'तुमचा नव्हे' असं ऐकू येऊ शकतं. नवी सून असलेल्या घरात हे दोन्ही बाजूंनी ठाऊक असलेलं बरं. सून घरात आल्यावर तिला 'आपले कप या फळीवर असतात' म्हणावं, 'आमचे' नव्हे.

आता कोप. पोर्तुगीज 'कोपो' म्हणजे पाण्याचा किंवा दारूचा बिनकानाचा पेला. चहाच्या कपाला त्या भाषेत 'शावेना' आणि मगला 'कानेका' म्हणतात. ('कानेका'त आपला कान शोधू नका, तो योगायोग आहे. अशा योगायोगांवरच चुकीच्या व्युत्पत्त्या पोसतात.) कोकणीनं 'कोपो' घेतला, शेवटचा स्वर टाकला आणि कानाच्या कपालाही तेच नाव दिलं. इंग्रजी 'कप' आणि पोर्तुगीज 'कोपो' दोन्ही लॅटिन 'कुप्पा'ची नातवंडं, म्हणजे कप आणि कोप चुलतभाऊ आहेत. एक मुंबईच्या वाटेनं आला, दुसरा पणजीच्या. त्या लॅटिन कुळाचं नातं भाषाशास्त्रज्ञ संस्कृत 'कूप' म्हणजे विहिरीपर्यंतही नेतात.

तरी मराठी मजकुरात 'कोप' लिहू नका, कारण मराठीत ती जागा आधीच भरलेली आहे. 'बाबांचा कोप' हे वाचून मग कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. 'सकाळी आजीच्या हातून बाबांचा कोप ओढवला' असं वाक्य झालं तर आजीचं काय झालं, असा प्रश्न पडेल. संवादात मात्र जरूर ठेवा. पेडण्याची आजी कोप म्हणत असेल तर तिच्या तोंडी कप घालणं खोटं. आसपास 'च्या' (म्हणजे चहा) किंवा 'ओत' असा एखादा शब्द असला की वाचक अडत नाही.

याहून मोठा घोटाळा बशीचा आहे, आणि त्याबद्दल ताईंनी विचारलं नाही याचं नवल वाटलं. घाटावरच्या मराठीत बशी म्हणजे कपाखालची, जिच्यात चहा ओतून भुरके मारतात ती. गोव्यातल्या कोकणीत बशी म्हणजे जेवायची किंवा खायची प्लेटही. शब्दाची व्युत्पत्ती पोर्तुगीज 'बासिया'वरून सांगतात, आणि 'बासिया' म्हणजे चक्क तसराळं. तसराळ्याची प्लेट, प्लेटची कपाखालची बशी, असा शब्द वाटेत लहान होत गेला. परिणाम असा की वहिनी 'बशी द्या' म्हणते आणि हातात जेवायची प्लेट येते. उपाय सोपा : घाटावरच्या माणसानं गोव्यात 'कपाची बशी' म्हणावं. दोन शब्द खर्च होतात, पण फेरी वाचते.

'मग'चं सामान्यरूप. 'कप' मराठीत मुरला, म्हणून कपाचा, कपात, कपाला अशी रूपं बिनदिक्कत होतात. ('कपात' पगारातही होते, पण तिथे अडचण वेगळी असते.) 'मग' त्याच नियमानं चालायला हवा : मगाचा, मगात, मगाला. नियमाच्या बाजूनं काहीच चूक नाही. अडचण कानाला आहे. 'मघाचा चहा' म्हणजे थोड्या वेळापूर्वीचा, निवलेला चहा, आणि बोलताना 'मघाचा'चा 'मगाचा' सर्रास होतो. 'बाबांना मगाचा चहा दे' हे ऐकून कुणी त्यांना गार चहा दिला तर दोष देणार कुणाला? शिवाय 'मग' हे अव्यय पायात येतंच : 'मग मग धू.' म्हणून षष्ठीत 'मगमधला चहा' म्हणावं. 'मगात ओत' हे मात्र स्वच्छ आहे, 'मगमध्ये'पेक्षा सुटसुटीतही. न्हाणीघरातल्या प्लास्टिकच्या भांड्याला बऱ्याच घरांत 'मगा' म्हणतात. त्याचं सामान्यरूप 'मग्या' होतं, 'मग्यात पाणी घे'. त्यामुळे चहाच्या भांड्याला चुकूनही 'मग्यात' लावू नका, पाहुणा चहा पिणार नाही.

ताईंनी भावाच्या कपाचं वर्णन करताना 'कप थोडा तुटला आहे' असं लिहिलं आहे. इथे हिंदीचा वारा लागला. कप फुटतो. त्याचा कान तुटतो. काठाचा टवका उडतो. पोटाला तडा जातो. वरची झिलई उडते, सोनेरी कड विटते. दोरी तुटते आणि काठी मोडते, म्हणून धातूच्या पळीची दांडी मोडते, पण कपाचा कान तुटतो. कपाला कान, तोंड, पोट, बूड आणि काठ एवढे अवयव आहेत, आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं. कान पुष्कळदा वेगळा करून ओल्या मातीनं चिकटवतात आणि मग भट्टीत भाजतात, म्हणून तो जोडापाशीच निखळतो. तडा जातो तो थंड कपात उकळता चहा ओतल्यावर : आतली बाजू लगेच प्रसरण पावते, बाहेरची मागे राहते, आणि ताण सहन न झालेली माती चिरते. जाड मगात हा फरक जास्त पडतो, म्हणून आधी गरम पाण्यानं विसळून घ्यावा. तडा दिसत नसेल तर नखानं टिचकी मारा : धड कप खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. 'बद्द' हा शब्द जिवंत ठेवायला एवढं निमित्त पुरे. टवका उडालेला कप पाणी पिण्याजोगा उरत नाही, ओठ कापू शकतो आणि उघडी माती सच्छिद्र असेल तर तिच्यात चहा मुरतो. हे भावाला सांगून उपयोग होईल असं नाही.

'विसळणं' आणि 'घासणं' यांतही घरोघरी भांडणं आहेत. विसळणं म्हणजे नुसतं पाणी फिरवणं. रोज नुसता विसळलेला कप आतून तपकिरी होतो. तो थर चिमूटभर खाण्याचा सोडा ओल्या बोटावर घेऊन चोळला की निघतो.

राहिला शेवटचा पेच, मापाचा. 'तीन कप चहा' आणि 'चहाचे तीन कप' हे एक नाहीत. पहिल्यात कप हे माप आहे, दुसऱ्यात वस्तू. 'चहाचे तीन कप फुटले' म्हणता येतं, 'तीन कप चहा फुटला' म्हणता येत नाही. प्रत्येकाचं भांडं वेगळं असलेल्या घरात हा फरक चहा कमी पडल्यावर कळतो. चहाचा साधा कप 120 ते 150 मिलिलिटरचा, मग 300 ते 350 चा, आणि पाककृतींतला 'कप' 240 किंवा 250 चा. सुनेला 'तीन कप चहा टाक' सांगितलं आणि त्यातला एक बाबांचा मग निघाला की कुणाला तरी अर्ध्यावर भागवावं लागतं, आणि साखर ज्याच्या त्याच्या भांड्यात वरून, एका कपाच्या हिशेबानं घातली असेल तर मगवाल्याला फिका चहा मिळतो. म्हणून अशा घरात 'कप' हे माप सोडावं. ज्याच्या त्याच्या भांड्यानं पाणी आणि दूध मोजून टोपात ओतावं, आणि वाफेचं व पावडरीनं शोषलेलं धरून वर पाव कप पाणी घालावं. सांगताना 'तिघांचा चहा टाक' म्हणावं. काकणं (गोव्यातले बांगडीसारखे गोल, कडक पाव) बुडवून खाणारा कुणी असेल तर त्याला रुंद तोंडाचा कप द्या, अरुंद मगात काकण मोडूनच घालावं लागतं.