दारातला हापूस शेंड्याकडून सुकतोय?

घाबरू नका, झाड हातचं गेलेलं नाही. फांदी टोकाकडून मागे वाळत येते, पानं तपकिरी होऊन तशीच लटकून राहतात, ही फांदीमर. बुरशीचं काम. सुकलेली फांदी उभी चिरून बघा, आत तपकिरी पट्टा खाली उतरलेला दिसेल. तो संपतो त्याच्याही चार बोटं खाली, निरोगी लाकडात कापायचं. नवखे इथेच कचरतात. नुसतं वाळकं छाटतात आणि रोग आतच राहतो.

कापलेल्या जागी लगेच बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशी रोखणारा लेप. एका झाडाला मोरचूद 100 ग्रॅम, चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर पुरे. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. कोयत्याचं घासलेलं पातं त्यात थोडा वेळ बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. त्याच दिवशी वापरा, उद्यासाठी ठेवू नका.

हमखास होणाऱ्या चुका:
- भर पावसात छाटणी. आपल्याकडचा पाऊस म्हणजे बुरशीला आमंत्रणच, कोरडी उघडीप बघा.
- एकच कोयता न पुसता सगळ्या फांद्यांवर. दरवेळी स्पिरीटने पुसा.
- छाटलेलं बुंध्याशीच टाकणं. लांब नेऊन जाळा.
- अंगणात कोबा घालताना बुंधा जखडणं. जांभ्या दगडात खणलेल्या खड्ड्यात पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

सालीतून भुसा गळत असेल तर मात्र तो खोडकिडा, त्याचा इलाज वेगळा. फवारण्यांचं आत्ताच डोक्यात घेऊ नका. नवी पालवी आली की सांगा, मग बोलू.